मेट्रोनोमची शिडी की तुकड्यांची उडी: गिटारवर स्पीड वाढवायचा कसा

परवा इंदूरला रामबागेत ताईकडे पोहे खात बसलो होतो तेव्हा भाच्याने विचारलं, मामा गिटारवर माझा हात ११० च्या पुढे जातच नाहीये, मी मेट्रोनोम (ठरलेल्या लयीत टकटक ठोके देणारं यंत्र) चार-चारने वाढवत बसू, की इकॉनॉमी पिकिंग शिकू, की सरळ लेगाटोवर जाऊ (हे दोन्ही काय ते पुढे सांगतो)? तेव्हा मी काहीतरी हं-हूं केलं, कारण पोह्यांवर नुकताच जीरावन मसाला पडला होता आणि लक्ष तिकडे होतं. आता नीट सांगतो, त्याच्यासारखे अजून बरेच जण याच जागी अडकलेले असतात.

आधी ११० म्हणजे किती ते बघू, मिनिटाला ११० ठोके. एका ठोक्यात चार नोट्स धरल्या तर ११० ला सेकंदाला सातच्या थोड्या वर नोट्स होतात, १२० ला आठ, १६० ला साडेदहाच्या वर. भल्याभल्यांचा हात ११०-१२० लाच अडकतो. आणि त्याच्या प्रश्नात खरं तर दोन प्रश्न आहेत, सराव कुठल्या पद्धतीने करायचा हा एक आणि पिक, म्हणजे तार छेडायची छोटी चकती, चालवायची कशी हा दुसरा, लोक दोन्हीची खिचडी करतात आणि मग नवीन पिक विकत आणतात.

सरावाचं आधी. शिडी म्हणजे ६० वर सुरू करायचं, साफ आलं की ६४, मग ६८, असं चढत जायचं. मी हेच केलंय, आठ महिने, वहीत तारखा घालून. ज्यांच्याकडे शिकत होतो त्यांचं म्हणणं एकच, हळू वाजव, स्पीड आपोआप येईल. ११२ पर्यंत आला आणि तिथेच थांबला, वहीत सलग तीन पानं ११२, ११२, ११२, आणि खांदा कानाला लागायला आलेला. घोळ कुठे होता ते फार नंतर कळलं. हळू वाजवताना मी पिक तारेत खोल घालून कोपरातून ढकलत होतो, प्रत्येक नोटनंतर हात थांबायचा मग परत निघायचा. ६० ला हे चालून जातं, ११० ला थांबायला वेळच नसतो. म्हणजे आठ महिने मी जी हालचाल घोटत होतो ती वेगात वापरायचीच नव्हती!

इंदूरच्या सराफा बाजारात रात्री जलेबीवाल्याचा हात बघा, कपड्याच्या पोटलीतून कढईवर गरगर फिरतो. त्याला म्हणा, भिया जरा हळू सोडून दाखवा, तर वेटोळं होत नाही, तुपात नुसता गोळा पडतो. ती हालचाल त्या वेगातच असते, हळू केली की ती वेगळीच हालचाल होते.

तुकड्यांची पद्धत इथे कामाला येते. अख्खं स्केल नाही, सहा-सात नोट्सच घ्यायच्या पण पूर्ण वेगात. उदाहरणार्थ सगळ्यात बारीक तारेवर ५-७-८ (हे फ्रेटचे, म्हणजे पडद्यांचे आकडे), परत ५-७-८, आणि मग ५ वर येऊन थांबायचं, सगळं डाऊन-अप डाऊन-अप, म्हणजे पिक एकदा खाली एकदा वर. सहा नोट्स झाल्या की सातवी आपोआप डाऊनवर पडते आणि ती ठोक्यावर पडली पाहिजे, एवढंच बघायचं. मग हात पूर्ण सैल सोडायचा, चार-पाच सेकंद थांबायचं, परत. पहिले दोन दिवस घाण वाजेल, वाजू द्या. पिकचं फक्त टोक तारेला लागतंय का आणि मनगट सैल आहे का हे बघायचं, नोट्स नंतर साफ होतात. बसलं की असे दोन तुकडे जोडायचे, मग पुढची तार.

याचा तोटाही आहे, नुसत्या तुकड्यांवर राहिलेला माणूस भडभड वाजवतो आणि लय विचारली की इकडेतिकडे बघतो. डाव्या हाताची बोटं आणि पिक एका वेळी पडणं, लांब जागा पाठ होणं, हे काम शिडीच चांगलं करते. त्यामुळे शिडी फेकून देऊ नका, फक्त उजव्या हाताचा वेग तिच्याकडून मागू नका.

मला स्वतःला या दोन्हींच्या मधला रस्ता जास्त पटतो आणि तो आपल्या शास्त्रीय संगीतात आधीपासून आहे, ठाय, दुगुन, चौगुन. लय ६० वरच ठेवायची, आधी ठोक्याला एक नोट, मग दोन, मग चार. इथे ६० चे ६४ होत नाहीत, सरळ दुप्पट होतं, त्यामुळे दुगुनमधून चौगुनमध्ये जाताना हाताला हालचाल बदलावीच लागते, जुनी ओढत नेता येत नाही. आणि पाय त्याच ठोक्यावर असतो म्हणून लयही सुटत नाही. चौगुन सोपी झाली की लय ७० करा, ८० करा. ८० ची चौगुन म्हणजे मिनिटाला ३२० नोट्स, आकडा ऐकून घाबरू नका.

डाव्या हातासाठी पण इंदूरकरांनी बाहेर कुठे शोधायची गरज नाही. गायक उस्ताद अमीर खाँ साहेब इथलेच, इंदूर घराणं त्यांच्या नावाने ओळखतात, आणि त्यांच्या गाण्यात मेरुखंड होता, म्हणजे ठराविक स्वर घेऊन त्यांचे सगळे क्रम उलटसुलट घोटायचे. चार स्वरांचे २४ क्रम होतात. गिटारवाले १-२-३-४ बोटांचा जो व्यायाम करतात त्याचेही बरोबर २४ च होतात, पण बहुतेक जण १-२-३-४ आणि ४-३-२-१ करून उठतात. १-४-२-३ आणि ३-१-४-२ करून बघा, तिसरं आणि चौथं बोट किती आळशी आहे ते लगेच कळेल. रोज दोन नवे क्रम घेतले तर १२ दिवसांत सगळे होतात. आणि खाँ साहेब ओळखले जायचे ते अतिविलंबितासाठी, म्हणजे अगदी संथ लयीसाठी, हेही जाता जाता सांगून ठेवतो, भाच्याला मुद्दाम.

आता पिक. अल्टरनेट म्हणजे काहीही होवो, डाऊन-अप डाऊन-अप, तार बदलली तरी. अल डी मिओला ऐका, किंवा तबलावादक झाकीर हुसेनसोबत शक्ती या बँडमध्ये वाजवलेले जॉन मॅक्लॉफ्लिन, प्रत्येक नोट वेगळी टोचते. लय पक्की राहते, रिदम वाजवतानाही तोच हात उपयोगी पडतो. अडचण येते ती तार बदलताना, पिक दोन तारांच्या मध्ये फसते. यावर एक साधी युक्ती आहे, पिक किंचित तिरपी धरायची, म्हणजे अपस्ट्रोक तारांच्या मधून सहज बाहेर निघेल. मग प्रत्येक तारेवर नोट्स दोन किंवा चार ठेवायच्या, डाऊनवर सुरू, अपवर शेवट, आणि हात मोकळाच पुढच्या तारेवर. पेंटाटोनिक, म्हणजे पाच स्वरांचं स्केल, म्हणूनच पटकन पळतं, त्यात तारेला दोनच नोट्स असतात.

तारेला तीन नोट्स आल्या की गणित बिघडतं, आणि इकॉनॉमी कामाला येते तिथेच. डाऊन-अप-डाऊन आणि त्याच डाऊनमध्ये पुढच्या तारेवर उतरायचं, एक हालचाल वाचते. फ्रँक गंबाली यातला मोठा माणूस. जाड तारेकडून बारीक तारेकडे जाताना हे लोण्यासारखं जातं. परत उलटं येताना तिरपी पिक आड येते, तिथे मी शेवटची नोट पिक न मारता पुल-ऑफने, म्हणजे डाव्या बोटाने तार ओढून सोडत, काढतो, कुणाला कळत नाही. पण इकॉनॉमीत लय घसरते बरं का, तार बदलताना दोन नोट्स एकमेकींना चिकटतात, आणि ज्याची अल्टरनेट कच्ची त्याला ते ऐकूही येत नाही. म्हणून ११० ला अडकलाय म्हणून इकॉनॉमीकडे पळणं मला पटत नाही, मनगट आखडलेलंच राहिलं तर इकॉनॉमीतही आखडलेलंच राहणार.

लेगाटो म्हणजे हॅमर-ऑन (डावं बोट तारेवर आपटून नोट काढणं), पुल-ऑफ, पिक कमी आणि डावा हात जास्त. अ‍ॅलन होल्ड्सवर्थ ऐका आणि मग दोन दिवस गिटारला हात लावू नका, निराशा येते. इलेक्ट्रिकवर ०.००९ इंचाच्या बारीक तारा आणि अ‍ॅम्पला थोडा गेन (आवाज जाड, करकरीत करणारं बटण) असेल तर लवकर जमतं. अकूस्टिकवर ०.०१२ चा जाड सेट असेल तर निम्म्या नोट्स गिळल्या जातात आणि करंगळी रडते. ताईकडे भिंती पातळ आहेत, दुपारी आजी झोपते, तिथे मात्र लेगाटो सोयीचं, अ‍ॅम्पविना इलेक्ट्रिकवर कुणाला त्रास नाही.

कुठलीही पद्धत धरा, गिटार एकदा तपासून घ्या. आपल्याकडे मे महिन्यात माळव्याची कोरडी हवा लाकडातला ओलावा शोषून घेते, फ्रेटची टोकं बोटाला टोचायला लागतात, आणि पावसाळ्यात अकूस्टिकचं पोट फुगून तारा वर जातात. बाराव्या फ्रेटवर तार तीन मिलीमीटरच्या वर असेल तर दोष तुमच्या बोटांचा नाहीच, आधी सेटअप करा, म्हणजे तारांची उंची नीट करून घ्या. पिक ०.४६ मिलीमीटरची लवलवणारी असेल तर एक मिलीमीटरच्या आसपासची घ्या. आणि मनगटात किंवा कोपरात दुखलं, मुंग्या आल्या तर त्या दिवशी बंद, मी खांद्याचं ऐकलं नाही आणि पंधरा दिवस गिटार कपाटात होती.

तर भाच्याकडे अकूस्टिक आहे, दिवसाला अर्धा तास आहे, आणि त्याला कॉलेजच्या बँडमध्ये रिदमही वाजवायची असते. त्याला मी अल्टरनेट धर म्हटलं, पाच मिनिटं मेरुखंड, दहा मिनिटं ठाय-दुगुन-चौगुन, दहा मिनिटं तुकडे, आणि उरलेली पाच जे आवडतं ते. इलेक्ट्रिकवाला असता, तारेला तीन नोट्सची स्केल्स आधीच साफ असती, तर इकॉनॉमी म्हटलं असतं. तीन महिने मध्ये बदलायचं नाही एवढी अट घातली.

काल रात्री अकराला त्याने क्लिप पाठवली, सहा नोट्स मस्त, सातवी ठोक्याच्या किंचित आधी पडतेय आणि खांदा वर. मी लिहिलं चार नोट्सवर ये, आणि खुर्चीचा हात काढ. त्यावर त्याचा अंगठा आला, मग दहा मिनिटांनी अजून एक क्लिप, बिनहाताच्या स्टुलावर बसून, मागून ताईचा आवाज, अरे झोपा आता.