पोटमाळ्यावरची खिडकीवाली: ‘युमे निक्की’बरोबर आठ महिने

आधी आमच्या खोलीचं माप सांगतो, पुढे लागणार आहे. भांडुप पश्चिमेला टेकडीवरची बैठी चाळ, दहा बाय पंधराची खोली, वर पोटमाळा. माणसं पाच: आई, दादा, वहिनी, पुतणी आणि मी. मी माळ्यावर झोपतो. तिथे उभं राहता येत नाही, बसलं तरी मान जरा तिरकी ठेवावी लागते. मांडीवर जुना लॅपटॉप, कानात हेडफोन, अशा थाटात गेल्या जूनपासून या फेब्रुवारीपर्यंत मी ‘युमे निक्की’ हा कॉम्प्युटर गेम खेळलो. स्टीम, म्हणजे गेमच्या ऑनलाइन दुकानाच्या हिशेबाने ६१ तास.

नावाचा अर्थ ‘स्वप्नांची डायरी’. किकियामा या टोपणनावाने कुणीतरी हा गेम २००४ मध्ये जपानमधून इंटरनेटवर फुकट सोडला. त्या नावामागे कोण आहे ते आजवर बाहेर आलेलं नाही. बनवला आरपीजी मेकर २००३ वर, म्हणजे तेव्हाच्या हौशी पोरांच्या हाती असलेल्या सॉफ्टवेअरवर. शेवटची आवृत्ती २००७ ची आणि तिचा क्रमांक ०.१०. १.० झालीच नाही. २०१८ मध्ये गेम स्टीमवर आला, तोही फुकट. चित्राचा आकार ३२० बाय २४०, तेव्हा ग्राफिक्सची अपेक्षा घेऊन येणाऱ्यांनी इथूनच मागे फिरावं. माझ्या लॅपटॉपवर तीन टॅब उघडले की पंखा विमानासारखा वाजतो, पण हा गेम मात्र त्यावर तुपासारखा चालतो.

गेममध्ये एक मुलगी आहे, मादोत्सुकी. या नावाचा अर्थ ‘खिडकी असलेली’, म्हणून मी तिला पहिल्या आठवड्यापासून खिडकीवालीच म्हणतो. तिची एक खोली आहे. खोलीत पलंग, टेबल, टीव्ही आणि बाहेर छोटी बाल्कनी. दाराकडे नेलं की ती मान हलवते, नाही. पुन्हा नेलं, पुन्हा नाही. मग उरतं काय, तर झोपणं. झोपली की स्वप्नात जाते, तिथे गोल मांडलेली बारा दारं, आणि प्रत्येक दारामागे एक जग. कोणी बोलत नाही, कोणी काम सांगत नाही. शत्रू मारून लेव्हल वाढवायची वगैरे भानगड नाही. एकूण २४ ‘इफेक्ट’ ठिकठिकाणी लपलेले आहेत, ते सापडले की खिडकीवालीचं रूप बदलतं. सायकल मिळते, बेडूक होता येतं, छत्री घेऊन पाऊस पाडता येतो. माझा लाडका इफेक्ट सिग्नलचा. तिच्या डोक्याचा ट्रॅफिक सिग्नल होतो आणि लाल दिवा लावला की समोरचे सगळे जागच्या जागी थांबतात. लाल दिव्याला लोक थांबतात हे दृश्य मी त्याआधी एलबीएस रोडवर पाहिल्याचं आठवत नाही.

आता खरं सांगतो. पहिले बारा दिवस मी या गेमला शिव्या घातल्या. तेव्हा सायकल सापडली नव्हती आणि ही बाई चालते अशी, की दादरच्या पुलावर मागच्यांनी ढकलत नेली असती. शिवाय या जगांना कड नाही. उजवीकडे चालत राहिलात की कधीतरी डावीकडून परत तिथेच येता. अंधारी जमीन, मधूनच एखादी मेणबत्ती, पाच-सात सेकंदांची एकच धून पुन्हापुन्हा. मी दोनदा गेम काढून टाकला आणि दोनदा परत टाकला.

परत का टाकला? दुसऱ्या वेळी काढला त्याच आठवड्यात गाड्या रखडल्या होत्या. घाटकोपर आणि विद्याविहारच्या मध्ये पंचवीस मिनिटं उभा होतो, एक पाय माझा, दुसरा बहुतेक दुसऱ्याच कोणाच्या पायावर. डोळे मिटले तर समोर आली ती मेणबत्त्यांची जमीन. तिथे हात पसरले तरी कुणाला लागत नाहीत. घरी येऊन जेवलो, माळ्यावर चढलो, गेम पुन्हा उतरवला आणि त्या रात्री काहीही न शोधता तासभर नुसता चाललो. भांडुपला शंभर पावलं सरळ चाललात तर खांदा, रिक्षा नाहीतर कुत्रा आडवा येतोच. या गेममध्ये हजार पावलं चालून काही आडवं येत नाही. कंटाळा म्हणून ज्याला शिव्या घालत होतो ती मोकळी जागा होती, आणि तशा जागेत चालायची मला सवयच नव्हती.

इंटरनेटवर या गेमची कीर्ती आहे ती भीतीची. एका मुलीच्या खोलीत दिव्याचं बटण आहे. ते बंद केलं की साधारण ६४ वेळांत एकदा त्या मुलीच्या जागी एक पांढरा, वितळल्यासारखा चेहरा येतो. चाहते त्याला उबोआ म्हणतात. मी तीन रात्री बटण चालू-बंद करत बसलो. तिसऱ्या रात्री दीडच्या सुमाराला तो आला. आवाज असा आला की मी दचकलो आणि डोकं थेट पत्र्याला. खाली आई पाणी प्यायला उठलेली.

“काय रे, पाल पडली का?”

“हो.”

“मारलीस?”

“गेली.”

“मग झोप आता.”

उबोआने आपल्याला अशा ठिकाणी नेलं की परतीची वाट नाही. उपाय एकच. खिडकीवाली स्वतःचा गाल चिमटते आणि जागी होते. हे चिमटा काढणं गेमच्या सगळ्यात चांगल्या कल्पनांपैकी आहे. लांब चोचीच्या पक्षीबायका पाठलाग करून कुठेतरी कोंडून ठेवतात, तिथेही तेच. कितीही वाईट फसलात तरी एक चिमटा हातात असतो. ऑगस्टमध्ये एकदा कुर्ल्याला चढताना गर्दीचा लोंढा अंगावर आला, तेव्हा माझा हात आपोआप गालाकडे गेला. शेजारच्या काकांना वाटलं दाढ दुखतेय. त्यांनी लवंग धरायला सांगितली.

पण मला विचाराल तर उबोआ या गेमचा सर्वोत्तम भाग नाही. एका यानात एकटा बसून पियानो वाजवणारा काळा-पांढरा माणूस आहे. तो काही बोलत नाही, तुम्ही काही बोलू शकत नाही. पुढे ते यान मंगळावर आदळतं. तिथे एका भोकातून खाली जायला बुटकं व्हायचा इफेक्ट लागतो, आणि खाली एक विचित्र जीव रडत असतो. त्याचं काही करता येत नाही, नुसतं शेजारी उभं राहता येतं. मी उभा राहिलो. बऱ्याच वेळाने चिमटा काढून उठलो आणि डायरीत सेव्ह केलं. भीतीचे प्रसंग दोन दिवसांत बोथट झाले, हा रडणारा मात्र आठ महिन्यांनीही तसाच आहे.

सेव्हवरून तक्रारीचं सांगतो. सेव्ह फक्त जागेपणी, टेबलावरच्या डायरीत. कल्पना छान, वापराला जाच. माझ्या लॅपटॉपची बॅटरी मेली आहे, तो वायरीवरच जगतो. एका रविवारी सकाळी खाली ओट्याजवळ बसून खेळत होतो, दोन तास झाले होते, तीन इफेक्ट नवीन. वहिनीने चटणीसाठी मिक्सर लावायला प्लग काढला. तिला काय माहीत! चटणी झाली, इफेक्ट गेले. त्यातला एक पुन्हा सापडायला गणपती उजाडले. तेव्हा पहिला सल्ला हाच: काहीही मिळालं की आधी चिमटा, मग डायरी, मग पुढे.

दुसरी तक्रार माझ्याबद्दलच आहे. २४ पैकी १५ इफेक्ट मी स्वतः शोधले. मग दिवाळीच्या सुट्टीत धीर सुटला आणि उरलेले नऊ गाइड उघडून एका संध्याकाळी गोळा केले. त्या नऊंपैकी आज मला चार धड आठवत नाहीत. पंधरांचं मात्र कोणता कुठे मिळाला, तेव्हा बाहेर पाऊस होता की नव्हता, सगळं सांगू शकतो. गाइड बघू नका असं म्हणणार नाही, कारण काही वाटा इतक्या आडबाजूला आहेत की माणूस म्हातारा होईल. पण निदान दोन महिने तरी थांबा.

लहान मुलांना देऊ नका. रक्त आहे, तुटके अवयव आहेत, सुरी हा इफेक्टच आहे आणि ती बऱ्याच जणांवर चालवता येते. मी एकदाच चालवली, निरुपद्रवी कुणावर तरी. जी किंचाळी आली त्यानंतर पुन्हा नाही. काही ठिकाणी रंग इतके भगभगतात की फिट येणाऱ्यांनी लांबच राहावं. पुतणी नऊ वर्षांची आहे, तिला फक्त खिडकीवालीच्या टीव्हीवरचा छोटा खेळ खेळायची परवानगी. त्याचं नाव ‘नासू’, जपानीत वांगं. वरून वांगी पडतात, ती झेलायची. तिचा स्कोअर माझ्या दुप्पट आहे. एकदा तिने दाराशी नेऊन पाहिलं, मान हलली.

“काका, ही बाहेर का नाही जात?”

“माहीत नाही गं.”

“मग एवढ्या मोठ्या खोलीत एकटीच असते?”

‘एवढ्या मोठ्या’ हे तिने म्हटलं. मी तोवर त्या खोलीला कोंडवाडा समजत होतो.

शेवटाबद्दल फार बोलत नाही. सगळे २४ इफेक्ट जमा केल्यावर त्यांचं काय करायचं हे गेम सांगत नाही, ते सुचावं लागतं, आणि जे होतं ते जड आहे. ज्यांच्या मनात सध्या जीव नकोसा झाल्याचे विचार घोळत असतील, किंवा ज्यांनी तसं कुणाला गमावलंय, त्यांनी हा गेम आत्ता उघडू नये. इतरांनीही रात्री एक वाजता एकट्याने शेवटाला जाऊ नये. मी गेलो होतो. नंतर खाली उतरून सगळ्यांच्या पायांमधून वाट काढत ओट्यापाशी जाऊन बसलो, आणि सगळ्यांचे श्वास ऐकू येतायत याचं बरं वाटलं.

याच जातीचं अजून काही शोधणाऱ्यांसाठी थोडक्यात. प्लेस्टेशनवर १९९८ मध्ये फक्त जपानात ‘एलएसडी’ नावाचा गेम आला होता, तो तर खरोखरच एका कर्मचारी बाईंच्या स्वप्नांच्या डायरीवर बेतलेला. २०२० चा ‘ओमोरी’ दिसायला गोड आणि आतून भयंकर आहे, पण तो शेवटी सगळं समजावून सांगतो. ज्यांना उत्तर हवं असतं त्यांनी तो घ्यावा. ‘युमे निक्की’चीच २०१८ मध्ये एक त्रिमितीय आवृत्ती आली, विकत. तिच्यात कोडी घातलीत. मी दोन संध्याकाळी खेळून ठेवून दिली.

आता ज्यासाठी हे सगळं लिहायला बसलो ते. सप्टेंबरात मी स्वतःची स्वप्नं लिहायला लागलो. शंभर पानी वही, उशाखाली पेन. डोळे पुसायच्या आत लिहायचं, नाहीतर दात घासेपर्यंत सगळं जातं. स्वप्नं जास्त करून पडतात त्या ‘रेम’ झोपेचा शोध १९५३ चा. झोपेत ती साधारण दीड-दीड तासाने येते आणि पहाटेकडे तिचा वेळ लांबत जातो. माझा गजर पाच चाळीसचा, म्हणजे तो रोज एखादं स्वप्न मधोमध तोडतो. तोडलेलं स्वप्नच नीट आठवतं, हा त्यातला फायदा.

आजवर ४३ स्वप्नं लिहून झाली. गेमसारखं त्यांत काही नाही. पक्षीबायका नाहीत, मंगळ नाही. सुप्त मन म्हणजे काहीतरी गूढ निघेल असं वाटलं होतं, निघालं घरगुती. ४३ पैकी ११ मध्ये एकच गोष्ट आहे: आमच्या घरात एक जास्तीची खोली सापडते. कधी फळीच्या कपाटामागे, कधी मोरीच्या भिंतीत दार असतं, आणि आत गेलं की मोठी, उजेडाची, रिकामी खोली. स्वप्नात मी स्वतःलाच बोलतो, इतकी वर्षं ही इथे होती आणि आपण भाडं भरत तसेच राहिलो!

हे एकदा जेवताना सांगितलं. वहिनी घास हातात धरून थांबली. म्हणाली, “मलापण पडतं. माझ्यात फ्रिजच्या मागे असते.” दादा हसला, मग म्हणाला त्याला पडायचं, लग्नाआधी. आई काहीच बोलली नाही, भाकरी भाजत होती. चार-पाच दिवसांनी मी माळ्यावर गेम लावून बसलो होतो तेव्हा शिडीवर दोन पायऱ्या चढून तिने डोकं वर काढलं. स्क्रीनवर खिडकीवाली पलंगावर बसलेली.

“ती खोली म्हणालास ना,” आई म्हणाली, “मला पहिल्यांदा पडलं तेव्हा तू पोटात होतास.”

“काय होतं आत?”

“काही नाही. मी आतून कडी लावून बसले होते.”