किलीमांजारोवर आमचा एक दिवस चोरीला गेला

सात दिवसांचे पैसे घेऊन आम्हाला सहा दिवसांत किलीमांजारो, म्हणजे टांझानियातला आफ्रिकेतला सगळ्यात उंच डोंगर, चढायला लावलं. ऐकणाऱ्याला वाटतं, एका दिवसाचाच तर फरक. त्या एका दिवसापायी माझ्या मैत्रिणीला शिखराआधीच्या शेवटच्या मुक्कामाच्या, बराफू कॅम्पच्या वर, रात्री अडीच वाजता, चार पावलं सरळ टाकता येत नव्हती. पुढच्या मोसमासाठी ज्यांची कुणाशी बोलणी चालू असतील, त्यांनी पैसे भरायच्या आधी हे वाचावं.

आम्ही चौघं सांगलीचे. हरिश्चंद्रगड, रतनगड, कळसूबाई पायाखालचे. आयोजक ओळखीतलाच. त्याने आम्हाला हिमाचलात एक ट्रेक करवला होता आणि तो खरोखर चांगला झाला होता. तिथेच आमचा विश्वास बसला. मागच्या वर्षी त्याने किलीमांजारोचं पॅकेज काढलं: मचामे मार्ग, सात दिवस, विमानभाडं सोडून माणशी १ लाख १५ हजार. बाकीचे लोक दोन लाखांच्या वर सांगत होते. हा म्हणाला, "ताई, माझी टांझानियात थेट ओळख आहे, मध्ये कुणी दलाल नाही." दलाल तोच होता, हे नंतर कळलं.

मी बँकेत काम करते. आकडे तपासणं हे माझं रोजचं काम, आणि हीच बेरीज मी केली नाही, याचं मला अजून वाईट वाटतं. किलीमांजारो राष्ट्रीय उद्यानाची फी जाहीर असते. आम्ही गेलो तेव्हा परदेशी माणसाला दिवसाला ७० डॉलर प्रवेश, तंबूत राहायचे रात्रीला ५० डॉलर, बचाव पथकाचे एकदाच २० डॉलर, आणि या सगळ्यावर १८ टक्के कर. सात दिवस आणि सहा रात्री धरल्या तर माणशी साधारण ९५५ डॉलर होतात. म्हणजे आम्ही भरलेल्या पैशांतला मोठा भाग निव्वळ सरकारजमा होणार. उरलेल्या चारेकशे डॉलरमध्ये गाइड, स्वयंपाकी, माणशी तीन-चार पोर्टर, आठवड्याचं जेवण, गाडी, डोंगराच्या पायथ्याच्या मोशी गावातलं हॉटेल आणि आयोजकाचा नफा. हे बसतच नाही. कुठूनतरी कापल्याशिवाय तो भाव निघूच शकत नव्हता. कुठून कापलं, ते आम्हाला डोंगरावर गेल्यावर समजलं.

मचामे गेटवर झिम्मड पाऊस होता. पोर्टरांची ओझी काट्याला लावून मोजत होते. माणशी २० किलोची मर्यादा आहे आणि गेटवर ती तपासतात. आम्ही रजिस्टरमध्ये नाव, वय, देश लिहून सह्या केल्या. परमिटचा कागद मुख्य गाइडच्या प्लास्टिकच्या पाकिटात गेला. तो कागद मी दोन मिनिटं हातात घ्यायला हवा होता. त्यावर उद्यानात शिरायची आणि बाहेर पडायची तारीख असते.

पहिले तीन दिवस छान गेले. "पोले पोले," म्हणजे हळू हळू, असं म्हणत गाइड आम्हाला सांभाळून नेत होता. शिरा पठार, लाव्हा टॉवर, मग खाली बरान्को. तिसऱ्या रात्री जेवणाच्या तंबूत तो म्हणाला, "उद्या बरान्कोची भिंत चढून थेट बराफू." मी सॅकमधून आयोजकाने दिलेला कार्यक्रम काढला. त्यात चौथा मुक्काम करंगा कॅम्प असं स्पष्ट लिहिलं होतं. गाइडने हेडटॉर्चच्या उजेडात तो नीट वाचला. मग पाकिटातून परमिट काढून माझ्यासमोर ठेवलं. "मामा, आम्हाला सहाच दिवस सांगितलेत." तिकडे बाईमाणसाला आदराने मामा म्हणतात. बाहेर पडायची तारीख आमच्या कागदापेक्षा एक दिवस आधीची होती. रसदही सहा दिवसांचीच आणली होती.

आयोजकाने आम्हाला सात दिवस विकले आणि तिथल्या कंपनीकडून सहाच विकत घेतले होते. एका दिवसाची फी आणि एका रात्रीचा तंबू, करासकट माणशी जवळपास १४१ डॉलर. चौघांचे मिळून साडेपाचशेच्या वर, आणि तेवढ्या दिवसाची माणसांची मजुरी वेगळी.

करंगाचा मुक्काम का लागतो, हे गेलेल्यांना माहीत असतं. शरीराला विरळ हवेची सवय व्हायला आणखी एक रात्र मिळते. शिवाय दुसऱ्या दिवशी तीन-चार तास चालून दुपारीच बराफूला पोचता येतं, पडून राहता येतं, आणि मध्यरात्री शिखराकडे निघता येतं. आम्ही मात्र बरान्कोची भिंत, करंगाची दरी आणि पुढचा चढ असं सगळं एका दिवसात करून संध्याकाळी बराफूला पोचलो. उंची ४,६०० मीटरच्या वर. घशाखाली घास उतरेना. चार तास नुसते पडून राहिलो आणि बाराला उठलो.

दोन तासांनी मैत्रीण गप्प झाली. ती गप्प राहणारी बाई नाही. हातमोजा काढायला सांगितला तर तिला बोटं कळेनात. गाइडने टाचेला टाच लावून चालायला सांगितलं, ती दुसऱ्याच पावलाला कलली. रक्तातला ऑक्सिजन मोजायच्या, बोटाला लावलेल्या यंत्रावर ६१ टक्के आकडा आला. मी म्हटलं, ऑक्सिजन लावा. पॅकेजच्या कागदावर "ऑक्सिजन सिलिंडर सोबत" असं ठळक अक्षरात होतं. गाइडने मान खाली घातली. सिलिंडर आणलाच नव्हता, त्याचे पैसेच कंपनीला मिळाले नव्हते.

अशा वेळी खाली उतरणं हाच उपाय असतो. सहायक गाइडने तिला एका बाजूने धरलं, मी दुसऱ्या. बाकी दोघं वर गेले. सकाळपर्यंत आम्ही पार म्वेकाच्या, म्हणजे उतरायच्या वाटेला लागलो होतो, आणि साधारण ३,१०० मीटरवर येईतो तिने स्वतःहून चहा मागितला. तो चहाचा कप तिच्या हातात बघून मी रडले. त्या मुलाने, सहायक गाइडने, तिला रात्रभर सोडलं नाही. गाइड आणि पोर्टरांबद्दल माझी काहीही तक्रार नाही, हे मुद्दाम लिहिते. त्यांनाही ठरल्यापेक्षा कमी मजुरी मिळाली होती. एका पोर्टरच्या बुटाचा तळ दोरीने बांधलेला होता. टीप देताना रक्कम सगळ्या पोर्टरांसमोर मोठ्याने सांगा, एकाच्या हातात गुपचूप देऊ नका. आम्ही तसंच केलं.

परत आल्यावर आयोजक म्हणाला, "हवामानामुळे बदल करावा लागला." परमिट निघालं तेव्हाच तारीख सहा दिवसांची होती, त्यात हवामान कुठून आलं? मग फोन उचलणं बंद झालं. बिलं पुन्हा काढून बसले तेव्हा आणखी एक गोष्ट दिसली. परदेशी सहलीच्या पॅकेजवर टीसीएस, म्हणजे विकणाऱ्याने आपल्याकडून घेऊन आपल्या पॅनवर सरकारजमा करायचा आयकर, लागतो, तो आमच्याकडून वेगळा घेतला होता. पण आमचे पॅन नंबर त्याने कधी मागितलेच नव्हते. चौघांच्याही २६एएस मध्ये, म्हणजे आयकर खात्याच्या आपल्या नावावरच्या कर-उताऱ्यात, त्या रकमेची नोंद नाही. पैसे फर्मच्या खात्यात न जाता त्याच्या वैयक्तिक खात्यात गेले होते, तेही आम्ही "ओळखीतला आहे" म्हणून चालवून घेतलं.

तेव्हा कुणी पॅकेज सांगितलं की आधी उद्यानाची फी वजा करून बघा, उरलेल्या पैशांत एवढी माणसं आठवडाभर कशी पोसली जातील ते विचारा. डोंगरावर प्रत्यक्ष नेणारी टांझानियातली कंपनी कोणती, तिच्याकडे टाला, म्हणजे तिथला सरकारी पर्यटन परवाना आहे का, हे लेखी मागा आणि त्या कंपनीला स्वतः मेल करून दिवस, मुक्कामाची ठिकाणं, ऑक्सिजन पक्कं करून घ्या. पोर्टरांच्या मजुरीवर लक्ष ठेवणारी केपॅप ही संस्था तिथे आहे, तिच्याशी जोडलेल्या कंपन्यांची यादी उघड मिळते. आणि गेटवर परमिट हातात घेऊन तारखा वाचा. गेटवर असताना फोन करून भांडता येतं. बरान्कोला रात्री आठ वाजता काहीही करता येत नाही.

आम्ही सांगलीच्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार दाखल केली आहे. दोन वर्षांच्या आत करावी लागते, आपण राहतो त्याच जिल्ह्यात करता येते, आणि पाच लाखांपर्यंतच्या रकमेला फी नाही. त्याआधी १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवरही नोंद केली. दोन कागद शेजारी शेजारी लावले आहेत: त्याने दिलेला सात दिवसांचा कार्यक्रम आणि गाइडने मला फोटो काढू दिलेलं सहा दिवसांचं परमिट. याच आयोजकाकडून येत्या मोसमात जाणारे आणखी काही जण आहेत असं कानावर आलंय. त्यांनी आजच मोशीच्या कंपनीला मेल करून स्वतःच्या परमिटची तारीख विचारावी.