पंपाच्या स्लीव्हवर सिरॅमिक कोटिंग: एक हंगाम वापरल्यानंतर

पावसाळा सरता सरता आमच्या उपसा सिंचनाच्या पंपावर सिरॅमिकचा थर दिलेली ही स्लीव्ह, म्हणजे शाफ्टला झिजेपासून वाचवणारी नळी, चढवली आणि मे अखेर उतरवून पाहिली. कृष्णेच्या गढूळ पाण्यातली बारीक वाळू ग्लँडच्या दोरीत (गळती रोखायला स्लीव्हभोवती आवळून बसवलेल्या पॅकिंगमध्ये) रुतते आणि साध्या स्टेनलेस स्लीव्हवर हंगाम अर्धा व्हायच्या आत चरे पाडते. मग ग्लँड कितीही आवळा, गळती हटत नाही. या स्लीव्हवर मात्र दोरीखालचा करडा पट्टा चकाकतोय. नख फिरवलं तर कुठंही अडत नाही.

कोटिंग होताना मी शेजारीच उभा होतो. ॲल्युमिना (ॲल्युमिनियमचा ऑक्साइड) आणि त्यात १३ टक्के टायटानिया (टायटॅनियमचा ऑक्साइड) अशी सिरॅमिक पावडर ऑक्सिजन-ॲसिटिलीनच्या ज्योतीतून मारतात. ॲल्युमिना साधारण २०५० अंशांना वितळतो, ज्योत ३००० च्या आसपास असते. वितळलेला कण आदळला की चपटा होतो आणि सेकंदाच्या हजाराव्या भागाच्याही आत गोठतो. खडबडीत भिंतीवर थापलेली गोवरी जशी खाचाखोचा धरून बसते, तशीच त्याची पकड. इथं धातू वितळत नाही, वेल्डिंगसारखा जोड होत नाही. जॉब, म्हणजे कोटिंग होणारी वस्तू, दीडशे अंशांच्या आतच राहतो, म्हणून स्लीव्ह वाकडी होत नाही, हा मोठा फायदा.

पण सगळी मदार पकडीवर असल्यामुळे आधीचं काम चोख हवं. ग्रिट ब्लास्टिंग (कठीण कणांचा मारा करून पृष्ठभाग खडबडीत करणं) झाल्यावर जॉबला तेलकट हात लागता कामा नये आणि फार वेळ न घालवता निकेल-ॲल्युमिनियमचा बाँड कोट, म्हणजे सिरॅमिकला धरून ठेवणारा खालचा थर, बसला पाहिजे. सिरॅमिकच्या थरांत बारीक छिद्रं राहतातच. त्यांतून पाणी आत झिरपून खालचा धातू गंजला तर कोटिंग पापुद्र्यासारखं सुटतं. त्यामुळे ही छिद्रं बुजवणारा सीलर मारून घ्याच. फिनिशिंग डायमंड व्हीलवरच होतं. आमचा थर फिनिश करून पाव मिलिमीटरच्या आसपास आहे. जाड थर मागू नका, आतला ताण वाढून तो सुटायला लागतो.

उणीव एकच दिसली: स्लीव्हच्या टोकाला, जिथं कड धारदार होती, तिथं गव्हाच्या दाण्याएवढा टवका उडालाय. धारेवर थराला धरायला जागाच नसते. ठोका आणि एकदम तापणं-गार होणं, दोन्ही याला सोसत नाही. म्हणून पंप कोरडा चालवायचा नाही, दोरी थेंब थेंब गळती ठेवूनच आवळायची. खडे आदळणाऱ्या इंपेलरवर (पाणी फेकणाऱ्या फिरत्या पंख्यावर) मी हे कोटिंग कधीच करणार नाही.

किंमत साध्या स्लीव्हपेक्षा बरीच जास्त, तरी ऐन पाण्याच्या पाळीत पंप खोलावा लागला नाही, यातच ती वसूल झाली. दुसऱ्या पंपाची स्लीव्हही कोटिंगला दिलीय, यावेळी कडा गोल करून.