इम्पोर्टेड बागकाम सेट: जून ते मे वापरल्यानंतर

500 रुपयांच्या आत पाच वस्तू: छोटे फावडे, खुरपे, माती मोकळी करायचा पंजा, सिकेटर (फांद्या छाटायची कात्री) आणि फवारणीची बाटली. खोक्यावर ‘मेड इन चायना’, खाली भिवंडीच्या आयातदाराचा स्टिकर. जूनमध्ये घेतला, आता मे सरत आलाय.

पावसाळाभर तक्रार नव्हती. कुंडीतली कोकोपीट घातलेली माती काय, चमच्यानेही उकरता येते. अंगणातली काळी माती दिवाळीनंतर वाळून टणक झाली आणि फावडे मानेतच वाकले. पाते आणि दांडी एकसंध नाहीत, वेल्डिंगच्या दोन ठिपक्यांवर जोडलीत. वरून रंग असल्याने कळत नाही. हाताने सरळ करा, पुढच्या ढेकळाला पुन्हा वाकते. खुरप्याची मूठ फिरायला लागली.

सगळ्यात वाईट सिकेटर. ऑक्टोबरच्या छाटणीत गुलाबाचे पहिले झाड झकास झाले, मग पेन्सिलीएवढी काडीही कापण्याऐवजी चेंगरायला लागली. चेंगरलेल्या टोकापासून गुलाबाची फांदी काळी पडत खाली मरत येते, दोन फांद्या तशाच गेल्या. धार लावायला बसलो तर कानस चक्क पाते खात होती! नीट पाणी दिलेल्या, म्हणजे लालभडक तापवून झटकन थंड करून कडक केलेल्या पोलादावर कानस घसरते, पकडत नाही. पाणीच दिलेले नसेल तर धार टिकणार कशी? पात्यावर मोठ्या दिमाखात ‘स्टेनलेस’ छापलेय. भांड्यांचे स्टेनलेस गंजत नाही हे खरे, पण ते तापवून पाणी दिले तरी कडक होत नाही. त्यात मधला नट सैल. आवळला की कात्री उघडत नाही, सोडला की पात्यांत फट पडून काडी आत दुमडते. स्प्रिंग उडाली ती शेजारच्यांच्या अळूत, अजून तिथेच असेल.

पंजा मात्र उत्तम, रोज वापरतो. बाटलीचे नोझल निंबोळी तेलाने चोंदते, पण ते महागड्या बाटलीतही होतेच.

खुरपे आता आठवडी बाजारातल्या लोहाराकडून आणलेय, 150 रुपयांना. ट्रकच्या कमानीच्या (चाकावरच्या स्प्रिंगच्या) पाट्याचे, बाभळीची मूठ, पात्याचे शेपूट मुठीतून आरपार. गंजते, अधूनमधून तेलाचा हात फिरवावा लागतो, एवढेच. सिकेटर काही लोहार करून देत नाही. ते घेताना सुटे पाते आणि स्प्रिंग मिळते का, हे दुकानदाराला आधी विचारा.