चेरोकी पूर्वज शोधताय? डॉझ रोल की मिलर रोल

चेरोकी ही अमेरिकेतली एक मूळनिवासी जमात. डॉझ आणि मिलर रोल म्हणजे तिच्या लोकांची नोंद असलेल्या जुन्या सरकारी याद्या. डॉझ रोलमध्ये (1898 ते 1914) कुटुंबाचं एक कार्ड मिळतं: वय, रक्ताचं प्रमाण (म्हणजे किती अंश चेरोकी), आईवडिलांची नावं. चेरोकींकडच्या मुक्त गुलामांची कार्डं मात्र वेगळी, त्यांवर रक्ताचं प्रमाणच नाही. आजी चेरोकी असली तरी तिथे मागमूस लागत नाही.

मिलरमध्ये (1906 ते 1909) वाचायला वेळ जातो, पण माल जास्त. अर्जात आजीआजोबा, भावंडं, चेरोकी नावं, 1851 मधला ठावठिकाणा विचारलेला. अर्ज 45,000 हून अधिक. चेरोकींना भरपाईचे पैसे वाटायचे होते, त्यामुळे हौशेगवशेही आले. निकाल पाहिल्याशिवाय नुसत्या अर्जावर विसंबू नका.

चेरोकी नेशनचं (ओक्लाहोमातल्या चेरोकींच्या स्वशासनाचं) नागरिकत्व हवं, तर डॉझच. पिढ्या मागे जायचं, तर मिलर. नॉर्थ कॅरोलिनातल्या ईस्टर्न बँड या चेरोकींच्या वेगळ्या गटाला दोन्ही चालत नाहीत. तिथे 1924 चा बेकर रोल.