आमच्या ग्रामपंचायतीची घरपट्टी: दर माफक, नोंद कच्ची

राजापूर तालुक्यातले आमचे वाडीवरचे घर, धाकट्या भावाने एका नगर परिषदेच्या हद्दीत घेतलेला फ्लॅट आणि काकांची मुंबईतली चारशे चौरस फुटांची सदनिका, या तिन्ही ठिकाणची कराची बिले दरवर्षी माझ्याच टेबलावर येतात, कारण निवृत्तीनंतर गावी येऊन राहिलेला आणि म्हणून घरच्यांच्या लेखी रिकामा असलेला माणूस मीच. तिन्ही घरे एकाच राज्यातली असली तरी एकाच मापाने मोजलेली नाहीत. हे परीक्षण आमच्या ग्रामपंचायतीच्या घरपट्टी सेवेचे आहे. बाकीची दोन बिले तुलनेपुरती सोबत घेतली आहेत, कारण त्यांच्यावाचून आपली घरपट्टी जास्त की कमी हे ठरवता येत नाही, आणि गावात वाद घालणारे बहुतेक लोक ती न पाहताच वाद घालतात.

काकांचे बिल सर्वांत सोपे. मुंबई महानगरपालिकेने २०१० पासून आकारणी भाडेमूल्याऐवजी भांडवली मूल्यावर, म्हणजे मालमत्तेच्या किमतीवर नेली, आणि १ जानेवारी २०२२ पासून ५०० चौरस फुटांपर्यंत चटईक्षेत्राच्या निवासी सदनिकांना मालमत्ता कर माफ झाला. त्यामुळे जिथे जमिनीला सोन्याचा भाव आहे तिथे काका कर भरत नाहीत, आणि आमच्या सड्यावरच्या कौलारू घराला मात्र घरपट्टी लागते. भावाचे बिल १९६५ च्या नगर परिषद अधिनियमाखालचे आहे. तिथे घर भाड्याने दिल्यास वर्षाला वाजवी भाडे किती येईल हे ठरवतात, त्यातून दुरुस्तीपोटी १० टक्के वजा करतात आणि उरलेल्या करयोग्य मूल्यावर टक्केवारीने कर बसवतात. म्हणजे महिना ३,००० रुपये भाडे धरले तर वर्षाचे ३६,००० आणि करयोग्य मूल्य ३२,४०० रुपये. त्याखाली शिक्षण कर, वृक्ष कर अशा ओळी जोडल्या जातात आणि थकबाकीवर दरमहा २ टक्के शास्ती चढते. पुण्यात स्वतः राहणाऱ्या मालकाला करपात्र मूल्यात ४० टक्के सवलत मिळते हे कोणाकडून तरी ऐकून भावाने त्यासाठी दोन चकरा मारल्या. ती सवलत पुणे महापालिकेच्या हद्दीपुरती आहे हे त्याला तिसऱ्या खिडकीवर कळले.

ग्रामपंचायतीचे गणित या दोन्हींपेक्षा निराळे आहे. १९५८ च्या ग्रामपंचायत अधिनियमाचे कलम १२४ आणि १९६० चे कर व फी नियम यांवर ते उभे आहे, आणि २०१५ च्या अखेरीस झालेल्या दुरुस्तीपासून गावातली आकारणीही भांडवली मूल्यावर होते. जमिनीचे क्षेत्रफळ गुणिले वार्षिक मूल्यदर तक्त्यातला (म्हणजे सरकारी रेडी रेकनरमधला) जमिनीचा दर, त्यात इमारतीचे क्षेत्रफळ गुणिले बांधकामाचा दर गुणिले घसारा (घराच्या वयानुसार किंमत कमी करणारा गुणक) मिळवायचा, आणि आलेल्या बेरजेला वापराच्या भारांकाने गुणायचे. राहत्या घराचा भारांक १, दुकानासारख्या वाणिज्यिक वापराचा १.२५. या मूल्यावर दर हजार रुपयांमागे काही पैसे असा कर बसतो. मूल्य १० लाख आले आणि दर ७५ पैसे असला तर वर्षाची घरपट्टी ७५० रुपये. बांधकामाच्या प्रकारानुसार किमान आणि कमाल दर नियमांत दिलेले आहेत आणि त्या दोन टोकांमध्ये कुठे थांबायचे हे ग्रामपंचायत ठरावाने ठरवते. म्हणूनच व्हाळापलीकडच्या गावात तसेच घर असूनही घरपट्टी वेगळी येते, आणि त्यात कोणाची लबाडी असतेच असे नाही.

आता मुख्य अनुभव. आकारणी दर चार वर्षांनी नव्याने होते. गेल्या खेपेला आमच्या हातात आलेल्या नोटिशीत आधीच्यापेक्षा जवळजवळ दुप्पट, म्हणजे १,९०० रुपयांची मागणी होती. माझी पहिली प्रतिक्रिया इतरांसारखीच, म्हणजे दर वाढवले म्हणून चिडण्याची होती. नंतर शांतपणे आकारणी यादीची नक्कल मागवून घेतली तेव्हा ठरावातले दर तेवढेच असल्याचे दिसले. बदलला होता तो घराचा प्रकार. वडिलांनी बांधलेले आमचे घर जांभ्याच्या चिऱ्यांचे आणि मंगलोरी कौलांचे आहे. मागच्या बाजूला काही वर्षांपूर्वी न्हाणी आणि संडास नव्याने बांधताना तेवढ्यावर स्लॅब टाकला. मोजणीला आलेल्या मुलाने खळ्यात उभे राहून घर पाहिले, स्लॅब पाहिला आणि सगळे घर आरसीसी, म्हणजे सळई-सिमेंटचे, म्हणून लिहून टाकले. शिवाय घराच्या वयाचा रकाना त्याने कोरा ठेवला होता. यातली गोम अशी की प्रकाराची ही एक चूक तीन ठिकाणी मोजली जाते: बांधकामाचा दर वाढतो, घसाऱ्याचा तक्ता बदलतो आणि हजारी पैशांचा दरही वरच्या गटातला लागतो. वय कोरे राहिले तर घसारा मुळीच लागत नाही, म्हणजे माझ्याहून थोडेच धाकटे असलेले घर कागदावर काल बांधलेले ठरते.

हरकतीच्या मुदतीत साधा अर्ज, जुनी पावती आणि घराचे चार फोटो दिले. कार्यालयातली वागणूक चांगली होती, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. ग्रामसेवक (पदाचे नाव आता ग्रामपंचायत अधिकारी झाले आहे, पण वाडीत ते अजून कोणाच्या तोंडी बसलेले नाही) स्वतः टेप घेऊन आले. ओटी, माजघर, पडवी आणि मागचा स्लॅबचा भाग त्यांनी वेगवेगळा मोजला, आणि लाकूडफाट्याचा मांगर घराच्या क्षेत्रफळात धरला गेल्याचे त्यांच्याच लक्षात आले. ‘‘काका, रस्त्यावरून तुमचा स्लॅबच आधी दिसतो हो,’’ असे ते म्हणाले, आणि ते खरे आहे. दुरुस्तीनंतर मागणी १,०५० रुपयांवर आली. मात्र यासाठी मला चार फेऱ्या आणि दोन महिने लागले, आणि मी गावात राहतो म्हणून ते जमले. मुंबईहून गणपतीत पाच दिवस येणाऱ्या चाकरमान्याच्या दाराला लावलेली नोटीस पावसात भिजून जाते, हरकतीची मुदत संपते आणि पुढची चार वर्षे तो चुकीच्या आकड्यावर पैसे भरत राहतो. हरकत फेटाळली गेली तर पंचायत समितीकडे अपील करता येते, पण ही माहिती नोटिशीवर ठळक अक्षरांत छापण्याची तसदी आमच्याकडे कोणी घेतलेली नाही.

उताऱ्याचा गोंधळ हा वेगळाच विषय. ग्रामपंचायतीचा नमुना ८ म्हणजे घराची आकारणी, आणि तलाठ्याकडचा आठ-अ म्हणजे जमिनीचा खातेउतारा. नावे इतकी जवळची की बँकेत कर्जासाठी गेलेला माणूस हमखास एक सोडून दुसरा घेऊन जातो. आमच्याकडे जुनी माणसे घराच्या उताऱ्याला असेसमेंट म्हणतात, ते निदान स्पष्ट आहे. नमुना ८ चा उतारा लोकसेवा हक्क कायद्याखालच्या सेवांमध्ये आहे. मला तो २० रुपयांत तिसऱ्या दिवशी मिळाला. तो कर आकारणीचा कागद आहे, मालकीचा पुरावा नव्हे, हे मात्र घर विकत घेणाऱ्याने आधीच समजून घ्यावे.

पैसे भरण्याची सोय उत्तम. कार्यालयाच्या भिंतीवर क्यूआर कोड लावला आहे, पावती नमुना १० मध्ये लगेच मिळते आणि सप्टेंबरअखेरपर्यंत भरल्यास ५ टक्के सूट कापूनच पावती फाडतात. वर्ष उलटून गेले तर ५ टक्के जादा. नगर परिषदेच्या दरमहा २ टक्क्यांशी तुलना करता हे फारच सौम्य आहे, आणि थकबाकी साठण्याचे एक कारण हेही असावे असे मला वाटते. शेजारच्या माजी सैनिकांची घरपट्टी २०२० च्या योजनेनुसार माफ आहे. त्यांचा अर्ज मात्र कार्यालयाने स्वतःहून शोधून भरून घेतला, ही कौतुकाची गोष्ट.

दिवाबत्ती कर आणि आरोग्य कर याच पावतीवर येतात. आमच्या वाडीच्या वळणावरचा दिवा पावसाळ्यापासून बंद आहे, तरी दिवाबत्तीची रक्कम दोन आकडीच असल्यामुळे त्यावर भांडायला कोणी जात नाही.

दरासाठी पाचपैकी साडेचार, वागणुकीसाठी चार आणि नोंदीच्या अचूकतेसाठी दोन तारे देतो. नमुना ८ वर अजून वडिलांचेच नाव आहे. वारस नोंदीचा अर्ज मार्चमध्ये दिला, विषय दोनदा मासिक सभेच्या विषयपत्रिकेवर आला आणि दोन्ही वेळा गणपूर्तीअभावी सभा तहकूब झाली. पुढची सभा चतुर्थीनंतर आहे.