झेड४ एम४०आय: पुण्यात, दोघांनी घ्यायची तर

पुण्यात स्पोर्ट्स कार शोधणारं जोडपं फिरून फिरून चार गाड्यांपाशी येतं: बीएमडब्ल्यूची झेड४ एम४०आय, पोर्शे ७१८ बॉक्स्टर, जुन्या बाजारातली फोर्ड मस्टँग जीटी आणि ‘एवढे पैसे घालायचेच तर मागे माणसं तरी बसू देत’ म्हणून बीएमडब्ल्यूचीच सेडान एम३४०आय. आमचं मत आधीच सांगून टाकतो. दोघांनाही चालवायची हौस असेल, घरात रोजच्या वापराला दुसरी गाडी असेल आणि सोसायटीचा रॅम्प आडवा येत नसेल, तर झेड४ घ्यावी, शक्यतो दोन-तीन वर्षं वापरलेली. यातली एक जरी अट बसत नसेल तर एम३४०आय घेऊन मोकळं व्हावं.

बाकीच्यांचा निकाल पटकन लावू. मस्टँगचा आवाज ऐकला की निम्मी गिऱ्हाइकं तिथेच विरघळतात. ५.० लिटरचं व्ही८, ४०१ पीएस, २०१६ मध्ये ६५ लाखांना आली होती. पण ती आरसे सोडून १,९१६ मिमी रुंद आहे, आणि फोर्डने २०२१ मध्ये इथलं उत्पादन बंद करायचं ठरवलं. बंपर किंवा हेडलाइट फुटला तर पार्टची वाट बघण्यात पावसाळा निघून जाऊ शकतो. ७१८ बॉक्स्टर चालवायला या सगळ्यांत सरस, यात वाद नाही. इंजिन सीटांच्या मागे, त्यामुळे पुढचं टोक वळणावर जे हलकं वाटतं ते झेड४ला जमत नाही. मात्र पेट्रोल ७१८चं उत्पादन २०२५च्या ऑक्टोबरमध्ये थांबलं, म्हणजे यापुढे मुख्यतः जुनीच शोधायची. पोर्शेमध्ये एकाच वर्षाच्या दोन गाड्या सारख्या निघतीलच असं नाही, म्हणून मूळ ऑप्शन शीट, म्हणजे कारखान्यात काय-काय बसवून घेतलं त्याची यादी, हातात आल्याशिवाय भावाची बोलणी सुरू करू नका. एम३४०आय सरळ रस्त्यावर झेड४पेक्षा वेगवान आहे, चारही चाकांना ताकद आहे, चार दरवाजे आहेत. पण शेवटी ती जोरात पळणारी सेडान आहे, आणि ते तिच्यात बसल्या बसल्या कळतं.

आता झेड४. ३.० लिटरचं सहा सिलिंडरांचं सरळ रांगेतलं टर्बो इंजिन, ३४० एचपी, ५०० एनएम टॉर्क, आठ गिअरचा ऑटोमॅटिक, ताकद फक्त मागच्या चाकांना. शून्य ते शंभर ४.५ सेकंदांत. एक्स्प्रेसवेवर कारला मर्यादाच शंभरची, त्यामुळे साडेचार सेकंदांत सगळी मजा संपते असं कोणी म्हणेल. पण या इंजिनाची खरी खुबी खालच्या आरपीएमला, म्हणजे इंजिन सावकाश फिरत असताना आहे: पूर्ण टॉर्क, म्हणजे खेचण्याची ताकद, १,६०० पासूनच मिळतो. ताम्हिणीच्या वळणांवर दर वेळी गिअर पाडायला लागत नाही, पायाचा अंगठा दाबला तरी पुरतं. चालवण्याची फारशी सवय नसलेल्यालाही ही गाडी घाबरवत नाही. २०१९ मध्ये आलेली दोन लिटरची एसड्राइव्ह२०आय आज स्वस्तात दिसते. १९७ एचपीची गाडी वाईट नाही, पण तिचा आवाज चार सिलिंडरांचाच. छप्पर उघडून तो ऐकण्यासाठी कोणी एवढा खटाटोप करत नाही.

पुण्यातला खरा प्रश्न एचपीचा नाही, पोटाखालच्या जागेचा आहे. झेड४चा ग्राउंड क्लिअरन्स ११४ मिमी. या आकड्याला किती घाबरायचं ते व्हीलबेसवर, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांमधल्या अंतरावर ठरतं, आणि तो २,४७० मिमी, म्हणजे बऱ्यापैकी आखूड. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकातला गोल स्पीडब्रेकर ३.७ मीटर रुंद आणि १० सेंमी उंच असतो. तो गाडीच्या मधोमध आला तेव्हा चाकंही त्याच्याच उतारांवर, साधारण ५५ मिमी वर असतात. म्हणजे पोटाखालची जागा ४५ मिमीनेच कमी होते, ६९ मिमी शिल्लक राहतात. गाडी आरामात निघते. त्रास देतो तो सोसायटीच्या कमिटीने हौसेने घातलेला मीटरभर रुंदीचा उंचवटा. तिथे चारही चाकं सपाटीवर आणि १० सेंमीचा डोंगर बरोबर पोटाखाली. कागदावर उरतात १४ मिमी. दोन माणसं, भरलेली टाकी आणि दबलेल्या स्प्रिंगा धरल्या की तेही उरत नाहीत.

असा उंचवटा तिरका घ्यायचा, म्हणजे एक तरी चाक त्यावर चढलेलं राहतं आणि गाडी उचललेली राहते. पुढचं चाक चढण्याआधी ब्रेक सोडून द्या. ब्रेक दाबून चढवली तर नाक खाली बसतं आणि पुढच्या बंपरखालचं प्लॅस्टिक आधी घासतं. मागून दुचाकीवाला हॉर्न वाजवणारच, वाजवू दे.

रॅम्पचं गणित यापेक्षा कडक आहे. सर्वांत खालचा भाग मधोमध धरला, तर ही गाडी साधारण साडेदहा अंशांपर्यंतचा कोन पोट न घासता पार करते. आठास एक चढाचा रॅम्प सुमारे सात अंशांचा, तो चालतो. सहास एक म्हणजे साडेनऊ अंश, तिथे जेमतेम सुटते. पाचास एक असेल आणि वरचा काठ गोल केलेला नसेल, तर घासणार म्हणजे घासणार. मोबाइलमधला लेव्हल रॅम्पवर ठेवून अंश बघा. बुकिंगआधी करायचं हे पहिलं काम आहे, आणि बहुतेक जण ते डिलिव्हरीनंतर करतात. रॅम्पच्या तळाशी पोट नाही, नाक लागतं, आणि ते कागदावर नीट सुटत नाही. म्हणून टेस्ट ड्राइव्हची गाडी घरच्या पार्किंगपर्यंत आणायची अट घाला. शोरूम कुरकुर करेल, पण एवढ्या किमतीच्या गाडीसाठी ही मागणी अवास्तव नाही. पार्किंग यांत्रिक असेल तर प्लॅटफॉर्मच्या लोखंडी कडेची उंची आणि दोन पट्ट्यांमधलं अंतर, दोन्ही टेपने मोजा. मागचे टायर २७५ मिमी रुंद आहेत. अरुंद पट्टीच्या कडेला अ‍ॅलॉय घासतात.

रुंदी १,८६४ मिमी आहे. २.५ मीटरच्या जागेत मधोमध लावली तर दोन्ही बाजूंना जेमतेम ३२ सेंमी राहतात, आणि दोन दरवाजांच्या गाडीचे दरवाजे लांब असतात. उपाय एकच: दुसऱ्याला आधी उतरवायचं आणि त्या बाजूला भिंतीला खेटून लावायची.

बसण्या-उठण्याबद्दल शोरूममध्ये कोणी बोलत नाही. गाडीची उंची १,३०४ मिमी, सीट जवळजवळ जमिनीला टेकलेली. आधी पाठमोरं बसायचं, मग दोन्ही पाय एकत्र आत घ्यायचे. साडी असेल तर दुसरा मार्ग नाहीच. उतरताना हीच उलटी कसरत. गुडघे किंवा कंबर कुरकुरत असेल तर पाच वेळा बसून-उठून बघा, आणि तेही अरुंद पार्किंगमध्ये, जिथे दरवाजा अर्धाच उघडतो. दोघांच्या उंचीत फरक असेल तर सीट मेमरीची दोन बटणं दोघांच्या नावे लावून टाका. कमी उंचीच्या माणसाला लांब बॉनेटचं टोक दिसत नाही; सीट वर घेतली की वरच्या सिग्नलला छपराची कड आडवी येते. मधला बिंदू सापडतो, पण त्याला दहा मिनिटं द्यावी लागतात. टेस्ट ड्राइव्हमध्ये दोघांनी चालवायचं आणि दोघांनी शेजारीही बसायचं. १९ इंची चाकांवर खड्डे कसे लागतात ते शेजारी बसणाऱ्याला जास्त कळतं, कारण त्याच्या हातात स्टिअरिंग नसतं. कात्रज-देहूरोड बायपासचा सर्व्हिस रोड या परीक्षेला पुरेसा आहे. कम्फर्ट मोडमध्ये चालण्याजोगी वाटली तर ठीक; स्पोर्टमध्ये पाठीचा हिशेब होतो.

छप्पर कापडी आहे, १० सेकंदांत उघडतं, ताशी ५० किमीपर्यंत चालत्या गाडीतही. डिकी २८१ लिटरची आणि छप्पर उघडं असलं तरी तेवढीच राहते. दोन केबिन बॅगा आणि एक मऊ पिशवी बसते, महाबळेश्वरच्या दोन दिवसांना पुरे. ओलं छप्पर कधीही दुमडून ठेवू नका, बुरशी धरते. वर्षावृक्षाखाली गाडी लावू नका. त्याचा चिकटा आणि पक्ष्यांची घाण कापडात मुरते. उघड्या छपराचा मोसम इथे नोव्हेंबर ते फेब्रुवारी, तोही सकाळचा. एरवी सिग्नलला शेजारच्या स्कूटरवरून ‘किती देते?’ हा प्रश्न थेट कानात येतो. उत्तर: शहरात एक आकडी. टाकी ५२ लिटरची, पेट्रोल ९५ ऑक्टेनचं भरा.

टायर हा या गाडीचा सगळ्यात नाजूक विषय. पुढे २५५/३५ आर१९, मागे २७५/३५ आर१९. मापं वेगळी, म्हणून पुढचे मागे करता येत नाहीत; ताकद मागे, म्हणून मागचे आधी संपतात. स्टेपनी नाही. खड्ड्याने टायरच्या बाजूला फुगा आला किंवा चीर गेली, तर पंक्चर किटमधलं सीलंट तिथे काही करू शकत नाही. मग अख्खी गाडी वर चढवून नेणारा फ्लॅटबेड ट्रकच मागवायचा. हूक लावून पुढची चाकं उचलणाऱ्या क्रेनला हात लावू देऊ नका. बंपर तर जाईलच, मागची चाकं फिरत राहून गिअरबॉक्सलाही धोका. जूनच्या पहिल्या पावसात रस्त्यावरचं तेल वर येतं, तेव्हा ट्रॅक्शन कंट्रोल बंद करण्याचे प्रयोग नकोत.

वापरलेली गाडी बघताना दोन गोष्टींवर वेळ घालवा: खालची बाजू आणि छप्पर. गाडी लिफ्टवर घ्या. पुढच्या प्लॅस्टिक कव्हरवर ओरखडे असणारच. ते फाटलेलं, तारेने बांधलेलं किंवा स्क्रू हरवलेलं असेल तर मालकाने स्पीडब्रेकर कसे घेतले ते कळलं. अ‍ॅलॉय आतल्या बाजूने बघा. वाकलेली रिम बाहेरून चकचकीत दिसते आणि ८०-१०० च्या वेगाला स्टिअरिंग थरथरतं. टायरच्या बाजूवरचा चार आकडी तारीख कोड वाचा: पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. चारही टायर एकाच कंपनीचे नसतील तर भाव पाडा. छप्पर लागोपाठ तीनदा उघडून-मिटून बघा. मध्ये कुठे अडखळलं, एका बाजूने आधी बसलं किंवा आवाज आला, तर तिथेच थांबा. डिकीतला गालिचा उचलून ओल आहे का ते हाताने बघा. इंजिन थंड असताना सुरू करायला लावा. तुम्ही पोचायच्या आत ‘गरम करून ठेवलेली’ गाडी असेल तर दुसऱ्या दिवशी सकाळी या. कूलंटची पातळी खुणेखाली असेल तर कारण विचारा, नुसतं भरून दिलेलं मान्य करू नका. आणि बॅटरी: महिन्यात दोनदाच फिरणाऱ्या गाडीची बॅटरी लवकर जाते, शिवाय नवी बसवल्यावर ती गाडीच्या संगणकात नोंदवावी लागते. बॅटरी हळूहळू भरलेली ठेवणारा ट्रिकल चार्जर घरी ठेवायचा खर्च त्यापुढे किरकोळ.

पार्टबद्दल उगाच भीती घालतात. झेड४मधल्या इंजिनाच्याच घराण्यातलं, बी५८ नावाचं इंजिन इथे जुळवल्या जाणाऱ्या एम३४०आयमध्ये आहे, म्हणून वर्कशॉपला ते परकं नाही. दरवाजा, हेडलाइट, छपराची यंत्रणा मात्र परदेशातून येते. ही गाडी ऑस्ट्रियात ग्राझ इथे टोयोटा सुप्राच्या जोडीने बनत आली आहे. फायनल एडिशन, म्हणजे या मॉडेलची शेवटची आवृत्तीही जाहीर झाली, तेव्हा काच आणि बॉडीच्या पार्टसाठी विम्यात झिरो डेप (पार्टच्या किमतीतून घसारा न कापणारं कव्हर) हवाच, आणि पुण्यातले पाण्याने भरणारे अंडरपास लक्षात घेता इंजिनात पाणी शिरल्याचं नुकसान भरून देणारं इंजिन प्रोटेक्टही.

कागदपत्रांत नवरा-बायकोचं सगळ्यात जास्त वाजतं ते नावावरून. आरसीवर एकच नाव लागतं. दुसऱ्याला नॉमिनी करता येतं, ते नोंदणीच्या वेळीच करा. नाव कोणाचं, हे प्रेमावर नाही, एनसीबीवर (नो क्लेम बोनसवर, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल विम्यात मिळणाऱ्या सवलतीवर) ठरवा. हा बोनस गाडीचा नसतो, माणसाचा असतो आणि ५० टक्क्यांपर्यंत जातो. बायकोच्या जुन्या गाडीवर तो जमला असेल आणि ती गाडी विकायची असेल, तर नवी तिच्याच नावाने घ्या. नवऱ्याच्या नावावर तो वळवता येत नाही. नव्या गाडीवर १ टक्का टीसीएसही (विक्रेत्याने आधीच कापून घेतलेला आयकर) लागतो, तो ज्याच्या पॅनवर बिल त्याच्याच रिटर्नमध्ये वळता होतो.

पूर्ण बांधून आयात झालेल्या गाडीला महाराष्ट्रात रोड टॅक्स २० टक्के आहे. एक्स-शोरूम ९० लाख धरले तर १८ लाख नुसते आरटीओचे. इथेच बनलेल्या, २० लाखांवरच्या पेट्रोल गाडीला वैयक्तिक नावावर १३ टक्के लागतात. वापरलेली गाडी घ्या म्हणतो ते या १८ लाखांसाठी: एमएच-१२ किंवा एमएच-१४ ची गाडी असेल तर तो टॅक्स पहिल्या मालकाने भरलेला असतो. मालकी बदलायला फॉर्म २९ आणि ३०, कर्ज होतं तर ते फिटल्याच्या बँकेच्या पत्रासह फॉर्म ३५, आणि विमा १४ दिवसांत स्वतःच्या नावावर. दिल्ली-हरियाणाची गाडी पाच-सात लाखांनी स्वस्त दिसली तर फॉर्म २८ ची एनओसी, इथला टॅक्स नव्याने आणि तिथला परतावा कधी येईल याची वाट, हे सगळं त्या फरकातून वजा करून बघा. बहुतेक वेळा काही उरत नाही.

नवीच घेणार असाल तर पासिंगच्या (आरटीओ नोंदणीच्या) आधी यार्डात जाऊन पीडीआय, म्हणजे डिलिव्हरीआधीची तपासणी करा, नंतर नाही: व्हीआयएनवरून (गाडीच्या ओळख क्रमांकावरून) उत्पादनाचा महिना, टायरचे कोड, रंगाच्या थराची जाडी मोजणाऱ्या पेंट गेजचे आकडे, छप्पर, दोन्ही किल्ल्या. आणि पहिले २,००० किमी ४,५०० आरपीएमच्या वर नेऊ नका.